खर्जाची खरेदी

धोबीतलावच्या चौकात, मेट्रो सिनेमाजवळ, जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. 1865 साली सुरू झालेल्या फुर्टाडोज या वाद्यांच्या पेढीचं दुकान तिथे आहे. मुंबईत ज्याने कधी गिटार, व्हायोलिन किंवा पियानो शिकायचं मनावर घेतलं, त्याचे पाय कधी ना कधी या चौकाकडे वळलेले असतात. हाकेच्या अंतरावर रंगभवन. 1986 पासून तिथे इंडिपेंडन्स रॉकचा जल्लोष व्हायचा, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले. वाद्यांची दुकानं मात्र आहेत. सुट्टीच्या दिवशी दुपारी इथे वसई-विरारच्या चर्चमध्ये कॉयरला साथ करणारी मुलं भेटतात, डोंबिवली-ठाण्याचे कॉलेजचे बँड भेटतात, लग्नसराईच्या आधी सामान बदलायला आलेले ऑर्केस्ट्रावाले भेटतात, आणि नोकरीत स्थिरावल्यावर राहून गेलेली हौस पुरी करायला आलेले चाळिशीतले लोकही.

भिंती सहा तारांच्या गिटारींनी भरलेल्या असतात. बेस गिटारी एका कडेला, मोजक्याच. मान लांब, तारा चार आणि जाड. आपल्याकडच्या गायकांच्या भाषेत सांगायचं तर या चार मोकळ्या तारा पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या सुरांत लावतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा कंप पावते. गाण्याचा खर्ज सांभाळायचा आणि त्याच वेळी ड्रमशी ताल जुळवून ठेवायचा, असं दुहेरी काम या वाद्याकडे असतं. आपल्याकडे हा आवाज घरोघर पोचला तो हिंदी सिनेमातून. राहुल देव बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे. ती गाणी तोंडपाठ असलेल्या कितीतरी लोकांना त्यांचं नाव ठाऊक नसतं, पण त्या गाण्यांवर पाय ठेका धरतो त्यात त्यांच्या बोटांचा मोठा वाटा आहे. आज मुंबईत वाढलेली मोहिनी डे हेच वाद्य घेऊन ए. आर. रेहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून जगभर पोचली. तिचे वडील सुजॉय डे हेही बेसवादक.

बेस घ्यायला निघालेल्या बहुतेकांच्या खिशात 30 ते 60 हजार रुपये असतात. त्याच्या खाली, 12 ते 20 हजारांत, शिकण्यापुरतं वाद्य मिळतं. वरच्या बाजूला मेक्सिकोत बनलेला फेंडर लाखाच्या आसपास जातो आणि अमेरिकेत बनलेला दीड-दोन लाखांच्या पुढे. हा लेख या मधल्या पैशांविषयी आहे, कारण सगळ्यात जास्त घालमेल इथेच होते. स्वस्तातल्या वाद्याला पर्याय कमी, महागातलं घेणाऱ्याला आपल्याला काय हवं ते ठाऊक असतं. मधला माणूस चार ब्रँड, दहा मॉडेलं, अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, चार तारा की पाच, यात अडकून बसतो.

या किमतीत कामाला येईल असा बेस मिळतो का, ही शंका पूर्वी रास्त होती. आता नाही. मिळतो, आणि स्टेजवर, स्टुडिओत, चर्चमध्ये वर्षानुवर्षं टिकेल असा मिळतो. पैसे वाया जातात ते भलत्या जागी घातल्यामुळे. जे नंतर बदलता येतं त्यासाठी आज जादा मोजायचं नाही आणि जे बदलता येत नाही ते आजच डोळ्यांत तेल घालून पारखायचं. एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. हे मी इतक्या ठामपणे म्हणतो त्याला या वाद्याची घडणच कारण आहे.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळी बँडमध्ये खर्जासाठी डबल बेस असायचा, म्हणजे माणसापेक्षा उंच, उभ्याने वाजवायचा व्हायोलिनच्या कुळातला अवाढव्य प्रकार. तो गाडीत मावत नसे आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ऐकू येत नसे. विजेवर चालणारा, गिटारसारखा आडवा धरायचा बेस सिअॅटलच्या पॉल टुटमार्कने 1930 च्या दशकातच केला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 साली आला आणि चालला. मानेवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, ठोकलेल्या असल्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी त्याने 34 इंच ठेवली, आणि आज जगातले बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. 1960 साली त्याने जॅझ बेस आणला, मान बारीक आणि पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग, दोन. बाजारात आज जे मिळतं त्यातलं बहुतेक याच दोन वाद्यांचं नाव बदललेलं रूप आहे.

माझ्या मते फेंडरची खरी कामगिरी मात्र दुसरी आहे. त्याने मान धडाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. पिकअप, नॉब, ब्रिज (तारांची घोडी), खुंट्या सगळं स्क्रू काढून बदलता येईल असं ठेवलं. पाना-पकडीने उघडता येईल असं वाद्य त्याने केलं. त्यामुळे आज 35 हजारांच्या बेसमधले पिकअप दोन वर्षांनी काढून दुसरे घालता येतात, खुंट्या सैल झाल्या तर नव्या बसवता येतात, वायरिंग तासाभरात नवं होतं. मानेचा पीळ, लाकडाचं वजन आणि वाद्याचा तोल या तीन गोष्टी मात्र दुकानातून जशा आल्या तशाच पुढे राहतात.

मधल्या किमतीचा हा बाजार उभा राहिला तो जपान्यांमुळे. 1970 च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी वाद्यांच्या हुबेहूब नकला करू लागले. त्या इतक्या चांगल्या निघाल्या की 1977 साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर खटला भरला. फेंडर कंपनीने वेगळा मार्ग धरला. स्क्वायर हे तारांच्या एका जुन्या कंपनीचं नाव तिच्याकडे 1965 पासून होतं. 1982 पासून त्याच नावाने तिने जपानमध्ये स्वतःच्या स्वस्त आवृत्त्या बनवून घ्यायला सुरुवात केली. पुढे हे काम जपानमधून कोरियात गेलं, तिथून इंडोनेशिया आणि चीनमध्ये. आज आपल्या दुकानातल्या या किमतीच्या बेसच्या मागे बघितलं तर बहुतेकांवर इंडोनेशिया लिहिलेलं दिसेल. सुराबायातला कॉर्टचा कारखाना स्वतःची वाद्यं करतो आणि इतर नावाजलेल्या ब्रँडसाठीही करतो. यामाहाचीही इंडोनेशियात उत्पादनं होतात, बेसवादक मार्कस मिलरच्या नावाने 2015 पासून गाजलेले सायर बेसही त्याच देशातले. संगणकाने चालणारी यंत्रं लाकूड कापतात, त्यामुळे एकाच मॉडेलची मापं चुकत नाहीत. शेवटचा हात माणसाचा असतो, आणि कसर राहते ती तिथेच. फ्रेट घासून सारख्या करणं, तारांच्या खाचा नेमक्या खोल करणं, ही कामं वेळखाऊ आहेत आणि किंमत खाली ठेवायची तर त्यांवरचा वेळ कापला जातो. एकाच मॉडेलचे दोन बेस शेजारी टांगलेले असले तरी दोन्ही वाजवून बघायचे, ते याच कारणासाठी.

आता मानेकडे वळू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा.

बेस हातात घेतला की ताबडतोब वाजवू नये. धड छातीपाशी धरावं, मानेच्या बुडाकडून टोकाकडे एक डोळा मिटून बघावं. दोन्ही कडा सरळ दिसल्या पाहिजेत. किंचित बाक चालतो, तो हवाच असतो. पण एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली तर मान पिळलेली आहे. मग त्यावर कितीही सूट असली तरी ते वाद्य परत टांगावं. बाक आणि पीळ यांत फरक आहे. चार तारांचा मिळून 70-80 किलोचा ताण त्या लाकडावर रात्रंदिवस असतो. तो तोलायला मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. बाक कमी-जास्त करणं तिच्या हातात आहे. पीळ काढणं नाही.

बाक तपासायची रीत सोपी आहे. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबायची, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर. तार आता सरळ रेषेत ताणलेली आहे. मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. अजिबात नसेल तर तार फ्रेटवर घासून खरखरेल. फट फार असेल तर दाबायला बोटं दुखतील. दोन्ही दोष ट्रस रॉडने जातात, फक्त सळई फिरते का ते दुकानातच विचारून, फिरवून दाखवायला सांगावं. पार शेवटपर्यंत आवळलेली सळई असलेला बेस घेऊ नये.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, एकेक करून, सावकाश. हे कंटाळवाणं आहे आणि दुकानात मागे लोक उभे असतात, तरी करावं. खरखर कुठे येते ते कळतं. आणखी एक गोष्ट कळते, जिच्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. फेंडर पद्धतीच्या कित्येक बेसमध्ये सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, एखादा सूर अचानक लवकर मरतो. शेजारचे सूर चार-पाच सेकंद घुमतात आणि हा दोन सेकंदांत विझतो. त्या सुराच्या कंपनाला मानच साथ देते आणि तारेची शक्ती स्वतःत ओढून घेते. महागड्या वाद्यांतही हे असतं. कुठे सौम्य असतं, कुठे इतकं की संथ गाण्यात भोक पडल्यासारखं वाटतं. पिकअप बदलून ते जात नाही. म्हणून या जागेवर कान देऊन थांबायचं, आणि त्याच मॉडेलचा दुसरा नग वाजवून ताडून बघायचं.

जाडी-रुंदीचं गणित हाताचं आहे. प्रिसिजनची मान टोकाशी 42 मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, जॅझची 38. चार मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण तीन तासांच्या कार्यक्रमात मनगटाला ते कळतात. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी 30 इंची, म्हणजे आखूड मापाचा बेसही धरून बघावा. 34 इंची बेसवर पहिल्या चार फ्रेट्सचा पल्ला 178 मिलिमीटर भरतो, 30 इंचीवर 157. मनगट ताणून सूर चुकवत राहण्यापेक्षा आखूड बेस सुखाने वाजवावा. याला कमीपणा मानणाऱ्यांनी पॉल मॅकार्टनी आठवावा. 1961 साली हॅम्बर्गमध्ये त्याला फेंडर परवडत नव्हता, त्याची किंमत 100 पौंडांच्या घरात. त्याने सुमारे 30 पौंडांना व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर घेतला. माप आखूड, वजन हलकं. शिवाय दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डावखुऱ्या मॅकार्टनीने उलटा धरला तरी विचित्र दिसत नसे. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्या वाद्यावर वाजली. 1972 साली लंडनमध्ये ते चोरीला गेलं आणि अर्ध्या शतकानंतर सापडून त्याच्याकडे परत आल्याची बातमी 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. खिशाला परवडणारं वाद्य घेतलं म्हणून त्याचं काही अडलं नाही.

वजनाबद्दल थोडक्यात. साधारण बेस चार किलोचा असतो, साडेतीन असेल तर उत्तम, साडेचारच्या पुढे गेला तर खांदा बोलू लागतो. पट्टा लावून उभं राहायचं, दोन्ही हात सोडायचे. मान जमिनीकडे झुकली तर तोल बिघडलेला आहे, आणि आयुष्यभर डावा हात सूर दाबण्याऐवजी मान उचलून धरत राहील. दुकानात स्टुलावर बसून वाजवलं तर हा दोष कधीच दिसत नाही.

लाकडाच्या नावांवर ग्राहक फार भुलतो. मानेवरच्या पट्टीसाठी जगभरचे गिटारवाले आपल्या सह्याद्रीतली शिसव वापरत आले आहेत. 2017 साली शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची बंधनं आली, तेव्हा कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण शोधलेली लाकडं राहिली. स्क्वायरच्या कित्येक बेसवर आज जे 'इंडियन लॉरेल' असतं ते म्हणजे आपला ऐन. भंडारा-गडचिरोलीत ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसतात, तोच. ऐन टणक आहे, टिकाऊ आहे, बोटाखाली गुळगुळीत लागतो. तिथे शिसव नाही म्हणून कुणी हिरमुसला होऊ नये, आणि शिसव आहे म्हणून पाच हजार जास्त देऊ नयेत. विजेच्या बेसमध्ये पट्टीचं लाकूड आवाजात जो फरक करतं तो स्टेजसमोरच्या श्रोत्यांपर्यंत पोचत नाही.

पिकअपचा फरक मात्र पोचतो, आणि आपल्याकडे त्याला एक स्थानिक बाजू आहे. जॅझ बेसच्या पिकअपमध्ये एकेक वेटोळं असतं. दोन्ही पिकअप सारख्याच आवाजावर ठेवले तर विजेची गुणगुण एकमेकांना मारते, पण एकच वापरला की ती ऐकू येते. घरी ठीक. गावच्या जत्रेत किंवा गणपतीच्या मंडपात मात्र जनरेटर, दिव्यांचे डिमर आणि एलईडीची अख्खी भिंत शेजारी असते, अर्थिंगचा भरवसा नसतो. तिथे ही गुणगुण कार्यक्रमभर पिच्छा सोडत नाही. प्रिसिजनचा पिकअप 1957 पासून दोन तुकड्यांत विभागलेला आहे. दोन्ही तुकड्यांची वेटोळी आणि चुंबकं उलट-सुलट ठेवलेली असल्यामुळे गुणगुण आपोआप रद्द होते. ज्याला मंडपात, मैदानावर वाजवायचं आहे त्याने प्रिसिजन जातीचा किंवा दुहेरी वेटोळ्याचा पिकअप घ्यावा, हे माझं सरळ मत आहे. मधे प्रिसिजनचा आणि ब्रिजजवळ जॅझचा, अशी जोडी असलेले बेसही या किमतीत मिळतात, आणि एकच वाद्य घेऊन सगळीकडे जाणाऱ्याला ते सोयीचे.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट असतं. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने ते लोकप्रिय केलं, आणि त्याचा खणखणीत आवाज ज्याला हवा त्याला दुसरं काही चालणार नाही. पण वायर खोचलेली राहिली की बॅटरी जळत राहते, आणि बॅटरी संपते ती बहुधा कार्यक्रमाच्या मध्यावर. बॅटरीशिवायही चालेल असा बटणाचा पर्याय त्यावर असला तर घ्यावा. नसेल आणि गरज नेमकी सांगता येत नसेल, तर पॅसिव्ह बरा. आवाजातला खर्ज आणि चमक मिक्सरवरही कमी-जास्त करता येतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक ऑर्केस्ट्रात बेसची वायर डीआय बॉक्स नावाच्या छोट्या जोडपेटीतून थेट मिक्सरलाच जाते.

पाचव्या तारेचा मोह सगळ्यांनाच पडतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पुरुष गायक आपल्याकडे सर्रास काळी एकमध्ये गातात. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची हद्द पांढरी तीन. म्हणजे काळी एकचा खालचा षड्ज त्याला मिळतच नाही, वरचा घ्यावा लागतो. पाचवी तार तो खालचा षड्ज देते, आणि भक्तिगीताच्या शेवटी तो लागला की सभागृहाची जमीन भरते. ज्याला हे काम रोजचं आहे त्याने पाच तारांचा जरूर घ्यावा. पण मधल्या किमतीत त्या पाचव्या तारेचा सूर कित्येकदा गुळमुळीत येतो, तिला पुरेसा ताण मिळत नाही. पहिल्या पाच फ्रेट दाबून सूर ओळखू येतो का ते ऐकावं. नुसती घरघर आली तर चार तारांचा घेऊन जाड तार पांढरी दोनपर्यंत उतरवून वाजवणं चांगलं, काळी एकचा षड्ज मग वरचाच घ्यावा लागला तरी.

वांद्र्याच्या एका गल्लीत तळमजल्यावर गिटार दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ बसतात. मूळचे गोव्याचे, उमेदीत हॉटेलच्या बँडमध्ये बेस वाजवलेला. मराठी बोलतात ते कोकणीच्या हेलात. त्यांच्याकडे नवीन वाद्यं जास्त येतात की जुनी, असं विचारलं तर म्हणाले, नवीनच. दुकानातून निघालं की थेट इथे. मिरजेच्या कारागिराने जवारी काढल्याशिवाय तानपुरा जसा बोलत नाही, तसं बेसचं सेटअपशिवाय, म्हणजे मानेचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेतल्याशिवाय, होत नाही, आणि या किमतीत कारखाना तो पुरता करून देत नाही. दीड-दोन हजार रुपयांचं हे काम 35 हजारांच्या वाद्याला 60 हजारांच्या रांगेत बसवतं. तरीही बजेट करताना हे पैसे कुणी बाजूला काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यांच्याकडेच वसईकडचा एक मुलगा भेटला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. रविवारी चर्चमध्ये वाजवतो, लग्नसराईत एका बँडमध्ये. आजवर त्या बँडचा खर्ज कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने भागत होता. साठवलेले आणि वडिलांनी घातलेले मिळून 45 हजार. मनात होता पाच तारांचा, चकचकीत रंगाचा, अ‍ॅक्टिव्ह बेस. दुकानात दोन दुपारी घालवून तो बाहेर पडला यामाहाच्या बीबी मालिकेतला चार तारांचा पॅसिव्ह बेस घेऊन, प्रिसिजन आणि जॅझ पिकअपची जोडी असलेला, 30 हजारांच्या आसपासचा. का, तर उभं राहून हात सोडल्यावर तोच एकटा आडवा राहिला.

"अंकल, बारावीच्या पुढे खरखर येते," त्याने सांगितलं.

"येणारच. बस, बघ मी काय करतो ते."

त्यांनी आधी तारा सुरात लावल्या. सैल तारांवर मोजलेलं माप खोटं ठरतं. मग पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून फट बघितली, मानेच्या टोकाशी षटकोनी किल्ली घातली, पेन्सिलने एक खूण केली आणि पाव फेरा दिला. पुन्हा सूर, पुन्हा फट. ब्रिजवरच्या चार छोट्या खोगिरांचे स्क्रू फिरवून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटरवर आणली. फ्रेटची टोकं बोटाला टोचत होती, ती बारीक कानशीने घासली. हे टोचणं लाकूड सुकल्यामुळे होतं. धातू आहे तेवढाच राहतो, पट्टी आकसते आणि टोकं बाहेर येतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये धडधाकट वाद्यांनाही हा त्रास होतो, आणि कोकणात पावसाळ्यात उलट लाकूड दमट होऊन मानेचा बाक बदलतो. शेवटी त्यांनी प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर दोनदा वाजवली, एकदा बोट नुसतं टेकवून आणि एकदा दाबून. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला किंचित चढा आला, तेव्हा खोगीर मागे सरकवून तार लांब केली. पुन्हा वाजवलं, पुन्हा सरकवलं. घाई नाही.

तारा कोणत्या घालाव्यात यावर त्या दोघांचं जरा वेळ चाललं. मुलाला चमकदार आवाजाच्या, खरबरीत वेढ्यांच्या राउंडवाउंड हव्या होत्या. अंकलचा जीव गुळगुळीत फ्लॅटवाउंडवर. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सनने 1962 चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट यांवर काम केलं, आणि तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत, हे त्यांनी सांगितलं. चर्चमधल्या गाण्यांना फ्लॅटवाउंड शोभतात आणि घामाने लवकर खराबही होत नाहीत, हे खरं. लग्नाच्या वरातीत मात्र ड्रम आणि कीबोर्डमधून वर यायला चमक लागते. मुलाचंच त्यांनी ऐकलं, आणि तारा मंदावल्या की पाण्यात उकळून, नीट कोरड्या करून पुन्हा चढवायची जुन्या बेसवाल्यांची युक्ती शिकवून ठेवली. नव्या संचाला दोन-तीन हजार पडतात, उकळलेल्या तारा आणखी काही आठवडे निभावतात.

जुनं वाद्य का घेतलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. घ्यायचं होतं, म्हणाला, पण ओळखीचं कुणी नव्हतं बघायला. त्याचं बरोबर आहे. वापरलेला बेस हा या बजेटमधला सगळ्यात फायद्याचा सौदा असू शकतो. 40 हजारांत कधी 70 हजारांचं वाद्य हाती येतं, लाकूड मुरलेलं असतं, पहिला सेटअप कुणीतरी केलेला असतो. पण सळई आवळून संपलेली नाही ना, फ्रेटवर तारांनी चर पाडलेत का, नॉब फिरवताना करकर येते का, वायर हलवली की आवाज तुटतो का, हे सगळं बघावं लागतं. यातली करकर आणि तुटणारा आवाज शंभर-दोनशे रुपयांच्या सुट्या भागांनी जातो, त्यासाठी उलट भाव पाडून घ्यावा. पिळलेल्या मानेला भाव पाडूनही उपयोग नाही. आणि टोकावर फेंडरचं नाव दिसलं तरी अनुक्रमांक, मानेच्या मागचे स्क्रू आणि पिकअपखालची जागा बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत, नावाची पट्टी कुणीही चिकटवू शकतो.

मुलाच्या हिशेबात सेटअप, तारांचा जादा संच, रुंद पट्टा आणि जाड अस्तराची पिशवी धरून सात-आठ हजार गेले. उरलेल्यात अ‍ॅम्प घेऊ का, असं त्याने विचारलं. घरच्या सरावाला गिटारचा छोटा अ‍ॅम्प आहेच, तोच लावला तर? अंकलनी जोरात मान हलवली. गिटारच्या स्पीकरला 41 कंपनांचा दणका झेपत नाही, आवाज वाढवला की पडदा फाटतो. चर्चमध्ये आणि बँडमध्ये डीआय असतोच, तर मग घरी हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प पुरे, तीन-चार हजारांचा. बेसचा चांगला अ‍ॅम्प पुढच्या लग्नसराईच्या पैशांतून.

निघताना त्यांनी त्याच्या हातात ती षटकोनी किल्ली दिली आणि सळई त्याच्याकडूनच पाव फेरा सैल करवली, मग पेन्सिलच्या खुणेपर्यंत पुन्हा आवळायला लावली. पहिल्यांदा त्याचा हात थरथरला. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही, फिरवल्यावर रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पुन्हा मोजायचं, असं त्यांनी तीनदा बजावलं. पाऊस संपून ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की मान पुन्हा थोडी हलेल, तेव्हा आधी स्वतः करून बघ आणि नाही जमलं तर घेऊन ये, त्याचे पैसे लागणार नाहीत.